वर एक बटण, खाली एक बटण. घंटा मात्र एकच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरपट्टी भरायची, रहिवासी दाखला काढायचा, मुलाचा शाळाप्रवेश करायचा, पतसंस्थेत खाते उघडायचे, इतकेच काय, देवस्थानात अभिषेकाची पावती करायची तरी गोव्यात आता मोबाइलवर एक अर्ज उघडतो. अर्ज लांब असतो, शेवटी 'सादर करा' असते. अलीकडे अशा पानांवर तेच बटण वरही दिसू लागले आहे, आणि काही ठिकाणी पडद्याच्या तळाशी चिकटलेल्या पट्टीत तिसऱ्यांदा. हेतू चांगला. पण पहिल्या बटणाची नक्कल उचलून दुसरीकडे चिकटवली की पैसे दोनदा जातात, भरलेला अर्ज पुसला जातो, नाहीतर खालचे बटण दाबून दाबून बोट दुखते आणि होत काहीच नाही. संस्थांचे पदाधिकारी ही कामे बाहेर देतात आणि पहिल्या पानाचे रंग व फोटो पाहून पसंती कळवतात. त्यांच्यासाठी, आणि ही पाने बांधणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींसाठी हे पत्र.

दुसरे बटण मुळात हवे का, हे आधी. साध्या फोनचा पडदा वेबपानाच्या मापात सुमारे ३६० पिक्सेल रुंद असतो आणि ब्राउझरची पत्त्याची पट्टी सोडली तर सहाशे-साडेसहाशे पिक्सेल उंची हाती राहते. अर्जातला एक रकाना, म्हणजे त्याचे नाव, लिहायची चौकट आणि खालची मोकळी जागा, मिळून ८५ पिक्सेल खातो. चोवीस रकाने धरा: २,०४० पिक्सेल. तीन पडदे सरकवल्याशिवाय शेवट दिसत नाही. उलट दीड पडद्यात संपणाऱ्या पानाला दोन बटणे म्हणजे एका खोलीला दोन दारे; ही दोन वेगळी की एकच, म्हणून माणूस उगाच थबकतो.

लांबी हा अर्धाच निकष. पहिल्यांदा भरायचा नवा अर्ज असेल तर तो कितीही लांब असो, 'सादर करा' फक्त खाली. वरून भरत येणाऱ्याला वरच्या बटणाचा काडीचा उपयोग नाही. शेवटी 'वरील माहिती खरी आहे' अशी टिक करायची चौकट असते, ती न पाहताच वरचे बटण दाबले जाते आणि पान लाल अक्षरांनी भरते. पैसे भरण्याच्या पानावर तर वरचे बटण वर्ज्यच मानावे. ग्राहक क्रमांक, नाव, रक्कम डोळ्यांखालून गेली की मगच बटण यावे. आधीच भरलेली माहिती दुरुस्त करायचे पान मात्र वेगळे. सदस्याचा फोन नंबर बदलला, तो रकाना वरून तिसरा, तेवढ्यासाठी त्याला एकवीस रकाने खाली पिटाळणे हा छळ आहे. तिथे 'जतन करा' दोन्हीकडे हवे.

लांब याद्यांचेही तसेच. दीडशे सभासदांची यादी, प्रत्येक नावापुढे टिक, आणि निवडलेल्यांना संदेश पाठवायचा. कुणी पहिली चार नावे निवडतो, कुणी शेवटची चार. वर्डप्रेसवर संकेतस्थळ चालवणाऱ्यांना लेखांच्या यादीवरचा आणि यादीखालचा तो जोड माहीत असेल: काय करायचे ते निवडायची छोटी यादी आणि शेजारी 'लागू करा'. त्यात एक मेख आहे. बटणाबरोबर ती निवडीची यादीही दुप्पट होते. वर कुणी 'संदेश पाठवा' निवडून ठेवले, खाली आल्यावर विचार बदलून 'यादीतून काढा' निवडले, तर सर्व्हरने, म्हणजे अर्ज जिथे पोचतो त्या संगणकाने, ऐकायचे कुणाचे? दोन्हींना एकच नाव दिले असेल तर दोन्ही मूल्ये जातात आणि पुढे कुठले घेतले जाईल ते सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमच्या भाषेवर अवलंबून: पीएचपी शेवटचे धरते, दुसरी एखादी पहिले. म्हणून एक बदलले की दुसरे त्याच क्षणी बदलेल अशी सांगड घालावी. त्याहून सरळ म्हणजे निवडीची यादी ठेवूच नये. थेट 'संदेश पाठवा' हे बटण वर-खाली द्यावे आणि 'यादीतून काढा' एकाच जागी, बाजूला. नाश करणारे बटण कधीच दोन ठिकाणी देऊ नये, हा नियम आम्ही तरी मोडत नाही.

निविदेच्या किंवा सूचनेच्या पानावर 'डाउनलोड' वर आणि शेवटी असले तर बिघडत नाही. तिथे दोनदा दाबले तरी फार तर फाइल दोनदा उतरते.

आता बांधणी. जुन्या बसगाड्यांत छताखालून दोरी जायची. कंडक्टर पुढे असो वा मागे, हात वर करून ओढायचा. घंटा ड्रायव्हरच्या कानाशी एकच वाजायची. दुहेरी बटणाची रचना अगदी अशीच हवी. काम फॉर्मकडे, बटणे म्हणजे दोरी ओढायच्या जागा. प्रत्यक्षात बहुतेकजण दोन घंटा बांधतात, त्यातली एक वाजत नाही.

न वाजण्याचे नेहमीचे कारण आयडी, म्हणजे बटणाला कोडमध्ये दिलेले ओळखनाव. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्या भाषेत लिहितात तिच्यात, एक आयडी पानावर एकदाच वापरायची असते. खालचे बटण उचलून वर चिकटवले की तीही बरोबर जाते. मग जावास्क्रिप्ट (पानाला हलते-बोलते करणारा प्रोग्रॅम) 'या आयडीचे बटण दे' म्हणते तेव्हा ब्राउझर पानात पहिले सापडेल ते देतो, म्हणजे वरचे. रकाने तपासणे, बेरीज करणे, अर्ज पाठवणे, सगळे त्या एकट्याला बांधले जाते. खालचे दिसायला जिवंत, आतून मेलेले. कधीकधी प्रकार याहून वाईट असतो. खालच्या बटणाला तपासणी बांधलेली नसते, पण ते सबमिट, म्हणजे अर्ज पाठवणाऱ्या, प्रकारचे असतेच, म्हणून तपासणीला बगल देऊन अर्धवट अर्ज सरळ पुढे जातो आणि महिन्याने कुणीतरी 'कागदपत्रे अपूर्ण' असे पत्र धाडतो. बांधणाऱ्याने आपल्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक वेळी वरचेच बटण दाबून पाहिलेले असते, तेव्हा त्याच्या लेखी सगळे ठीक.

उपाय: बटणाच्या क्लिकवर काहीच बांधू नये. सगळे फॉर्मच्या 'सबमिट' या घटनेवर, म्हणजे अर्ज निघतो त्या क्षणावर, बांधावे. वरून दाबा, खालून दाबा, एंटर मारा, वाट तिथूनच जाते. वरची पट्टी फॉर्मच्या बाहेर असेल तर तिथल्या बटणाला 'फॉर्म' हे ॲट्रिब्यूट (गुणधर्म) द्यावे आणि त्यात फॉर्मची आयडी लिहावी. तेवढ्याने ते बटण त्या फॉर्मचे होते, जावास्क्रिप्टची एक ओळ लागत नाही. स्क्रिप्टमधूनच अर्ज पाठवायची वेळ आली तर जुनी 'सबमिट' पद्धत वापरू नये, कारण ती ब्राउझरची तपासणीही टाळते आणि सबमिटची घटनाही उठवत नाही. त्यासाठी 'रिक्वेस्ट-सबमिट' आहे. कुठले बटण दाबले गेले हे त्या घटनेतला 'सबमिटर' सांगतो. महिनाभर एवढीच नोंद ठेवली तर वरच्या बटणाला कुणी हात लावतो की नाही ते कळते. नसेल लावत तर काढून टाकावे. शोभेसाठी बटण नको.

एंटरचे प्रकरण बहुतेकांना ठाऊक नसते. एका ओळीच्या रकान्यात लिहून एंटर दाबला की ब्राउझर त्या फॉर्मचे मुख्य बटण दाबतो, आणि मुख्य म्हणजे पानाच्या कोडमधल्या मांडणीत सर्वांत आधी येणारे सबमिट बटण. कोणते मोठे, कोणते हिरवे, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. खालीच बटणे होती तोवर हे कुणाला जाणवले नाही. वर पट्टी आली आणि तिच्यात डावीकडे 'रद्द करा', उजवीकडे 'जतन करा' अशी जोडी बसली की चित्र पालटते. बटणाला प्रकार लिहिलाच नाही तर ब्राउझर त्याला सबमिटच समजतो. म्हणजे 'रद्द करा' हे त्या फॉर्मचे मुख्य बटण ठरले! नाव लिहून एंटर मारणाऱ्याचा अर्ज रद्द. 'मसुदा ठेवा' पहिले असेल तर एंटरने मसुदा होतो. अर्ज गेला असे समजून माणूस निवांत राहतो आणि मुदत टळते. तेव्हा जे बटण अर्ज पाठवत नाही त्याचा प्रकार स्पष्ट 'बटण' असा लिहावा, आणि पट्टीत मुख्य काम मांडणीत आधी ठेवावे. दिसायला उजवीकडे हवे असेल तर ते सजावटीच्या नियमांनी (सीएसएस) सरकवता येते, मात्र मग कीबोर्डच्या टॅब कळीने फिरणाऱ्याला क्रम उलटा वाटतो, म्हणून शक्यतो दिसण्याचा आणि मांडणीचा क्रम एकच राहू द्यावा. आणि 'रीसेट'? ते काढूनच टाका. एका स्पर्शात, काही न विचारता, चोवीस रकाने कोरे करणारे बटण कुणाला हवे असते ते आजवर उमगलेले नाही. जुन्या फॉर्मांत ते 'सबमिट'च्या शेजारी असायचेच, तीच सवय चालू आहे. आता ते वरही आणि खालीही.

पैशांकडे येऊ. सत्तरी-सांग्यात डोंगराआडच्या वाड्यांवर, त्यात पावसाळी दिवसांत, बटण दाबल्यावर दहा-पंधरा सेकंद काही हलत नाही. माणूस पुन्हा दाबतो. शहाणा बांधणारा पहिल्या दाबाबरोबर ते बटण बंद करतो. पण दाबलेले तेवढेच! वरचे बंद झाले, खालचे उघडे. माणूस खाली सरकतो, हिरवे बटण पाहतो, दाबतो. एका बिलाचे दोन व्यवहार. दोन्ही बटणे एकदम थांबली पाहिजेत, आणि दोन्हींवर 'पाठवत आहोत, थांबा' हे अक्षरांत यायला हवे. नुसते फिरणारे चक्र सर्वांना कळत नाही, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीनरीडरवर ऐकणाऱ्याला तर त्याचा पत्ताच लागत नाही.

बटण बंद करण्यातही खाचखळगे आहेत. सबमिटच्या घटनेतच 'डिसेबल' केले तर त्या बटणाचे नाव आणि मूल्य अर्जाबरोबर जात नाही, कारण बंद केलेला घटक ब्राउझर पाठवत नाही. मग 'मसुदा' दाबला होता की 'सादर' हे सर्व्हरला समजत नाही आणि तो काहीतरी गृहीत धरतो. त्यात कीबोर्डवाल्याचा फोकस (तो पानावर कुठे आहे ते दाखवणारी चौकट) नाहीसा होतो. म्हणून 'डिसेबल' न करता स्क्रिप्टमध्ये एक खूण ठेवावी: अर्ज निघाला आहे. ती खूण असेल तर दुसरा दाब गिळून टाकायचा, आणि दोन्ही बटणांवर 'एरिया-डिसेबल्ड' लावायचे, म्हणजे स्क्रीनरीडर ती बंद असल्याचे सांगतो आणि फोकस जागचा हलत नाही. माणूस ब्राउझरने मागे आला तर कधीकधी पान जसे सोडले तसेच, गोठलेले परत येते आणि बटणे कायमची बंद दिसतात. त्यासाठी पान पुन्हा दिसताच उठणाऱ्या 'पेजशो' या घटनेवर खूण पुसावी.

एवढे करूनही ही सारी पडद्यावरची राखण. खरी राखण सर्व्हरवर हवी. प्रत्येक फॉर्म उघडताना एकदाच वापरता येईल असा टोकन (खुणेचा क्रमांक) द्यावा, आणि तोच टोकन दुसऱ्यांदा आला तर चूक झाल्याचा संदेश न दाखवता आधीच्याच पावतीचा क्रमांक परत द्यावा. पैशांच्या बाबतीत पेमेंट गेटवेकडची ऑर्डर बिलामागे एकच काढावी. प्रत्येक दाबाला नवी ऑर्डर काढली की दुप्पट वसुलीची सोय आपणच केली. शिवाय अर्ज स्वीकारल्यावर पावती त्याच उत्तरात छापू नये. ब्राउझरला ३०३ या उत्तराने पावतीच्या वेगळ्या पत्त्यावर पाठवावे. मग पान रिफ्रेश केले तरी अर्ज पुन्हा जात नाही. हे काही नवीन शास्त्र नाही, पण दुसरे बटण आले की याची गरज दुप्पट होते.

खालचे बटण दाबले आणि चूक वरच्या रकान्यात असली तर काय दिसते? काहीच नाही. संदेश तीन पडदे वर उमटतो, बघणाऱ्यापुढे तेच बटण तसेच. तो पुन्हा पुन्हा दाबतो आणि संकेतस्थळाला नावे ठेवतो. दोन बटणांच्या पानावर चुकांची यादी फॉर्मच्या वर एकाच ठिकाणी असावी, दाब कुठलाही असो फोकस तिथे न्यावा, आणि यादीतली प्रत्येक ओळ आपापल्या रकान्याकडे नेणारा दुवा असावी. वर चिकटलेली पट्टी असेल तर रकान्यापाशी पोचल्यावर त्याचे नाव नेमके त्या पट्टीखाली दडते. रकान्यांना 'स्क्रोल-मार्जिन-टॉप' पट्टीच्या उंचीइतके द्यावे, थोडे जास्तच.

चिकटणाऱ्या पट्टीची सध्या फॅशन आहे. वर-खाली दोन बटणे देण्यापेक्षा एकच बटण सतत डोळ्यांपुढे ठेवले की झाले, असा युक्तिवाद असतो, आणि दुरुस्तीच्या पानांवर तो बऱ्याच अंशी खरा आहे. पण हिशेब करून पाहा. छोट्या फोनची एकूण ६४० पिक्सेल उंची, ब्राउझरची पट्टी ५६, संकेतस्थळाचे चिकटलेले शीर्ष ५६, तळाची पट्टी ६४, लिहायला घेतले की कीबोर्ड २६०. उरले २०४. जेमतेम दोन रकाने दिसतात. कीबोर्ड वर आला की पट्टीचे काय होते हेही सर्वत्र सारखे नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये १०८व्या आवृत्तीपासून कीबोर्ड पानाची उंची घटवत नाही, त्यामुळे तळाची पट्टी त्याच्याखाली झाकली जाते. ती कीबोर्डच्या वर आणायची असेल तर व्ह्यूपोर्टच्या ओळीत (पान पडद्यावर कसे बसवायचे ते सांगणाऱ्या) तसे लिहावे लागते, आणि लिहिले की वरचा हिशेब लागू होतो. आमच्या मते झाकलेलीच बरी. लिहिताना कुणी सादर करत नाही.

पान मोठे करून पाहणाऱ्या ज्येष्ठांचा विचार तर कुणीच करत नाही. १२८० बाय १०२४ च्या संगणकावर पान चारशे टक्के मोठे केले की ते ३२० बाय २५६ चे होते. त्यात शीर्षाचे ५६ आणि पट्टीचे ६४ गेले म्हणजे जवळपास निम्मी जागा गेली. म्हणून उंची पाचशे पिक्सेलपेक्षा कमी असेल तर पट्टी चिकटवू नये, तिला साधी, पानाच्या शेवटी बसू द्यावी. सजावटीच्या नियमात ही एका ओळीची अट आहे. पट्टी 'फिक्स्ड' (पडद्याला कायमची खिळलेली) न करता 'स्टिकी' करावी, म्हणजे फॉर्म संपला की ती आपल्या जागी विसावते आणि खालची तळटीप झाकत नाही. स्टिकी चालत नाही अशी तक्रार आली तर आधी बाहेरच्या डब्याला 'ओव्हरफ्लो हिडन' (बाहेर आलेले लपवा) दिले आहे का ते बघावे. दहातल्या आठ वेळा तेच असते. आणि फॉर्मच्या पानाला 'स्क्रोल-पॅडिंग-बॉटम' पट्टीपेक्षा थोडे जास्त, ८० च्या आसपास द्यावे, नाहीतर टॅबने फिरताना रकाना पट्टीखाली जातो आणि आपण कुठे आहोत तेच दिसत नाही. फोकस असा झाकला जाऊ नये ही अट डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यता निकषांत ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्रपणे आली. बटणाचे किमान माप २४ बाय २४ हेही त्याच आवृत्तीतले. पण अंगठ्याला ४८ उंचीचे बटणच सोयीचे, त्याखाली जाऊ नये.

दोन बटणांवरचे शब्द एकच हवेत. हे सांगायला नको असे वाटेल, पण गोव्यात ते सांगावेच लागते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचाही शासकीय कामकाजात वापर मान्य झाला. व्यवहारात फॉर्म बहुधा इंग्रजीत बांधून मग मराठी-कोकणीत आणतात. भाषांतर करणाऱ्याला शब्दांची यादी दिली जाते. वरच्या बटणाचा शब्द यादीत असतो, खालचा थेट पानात लिहिलेला असतो म्हणून सुटतो. वर 'सादर करा', खाली इंग्रजीत 'सबमिट'. किंवा वर 'जतन करा' आणि खाली कोकणी 'सांठय'. वाचणाऱ्याने काय समजावे? एकाने मसुदा राहतो आणि दुसऱ्याने अर्ज जातो, असेच तो समजणार, आणि त्याचे चुकत नाही. एकच काम करणाऱ्या गोष्टींना एकच नाव, हा डब्ल्यूसीएजीचा जुना निकष आहे. दोन्ही बटणांचा शब्द एकाच ठिकाणाहून आला की भाषांतर विसरण्याचा प्रश्नच राहत नाही.

देवनागरीचे आणखी एक. इंग्रजी अक्षरांच्या मापाने बटणाची उंची ३६ पिक्सेलला बांधून टाकली की 'नोंदणी पूर्ण करा' मधला रफार आणि अनुस्वार वरून कापला जातो, उकार खालून. उंची बांधू नये. किमान उंची ४८, आत वर-खाली १० ते १२ पिक्सेल जागा, ओळीची उंची अक्षराच्या दीडपट, आणि शब्द लांबला तर दुसऱ्या ओळीवर जाऊ द्यावा. वरच्या पट्टीत जागा कमी म्हणून तिथे 'नोंदणी' आणि खाली 'नोंदणी पूर्ण करा' असे करणारे आहेत. त्यापेक्षा दोन्हीकडे तीन अक्षरी 'पाठवा' बरे.

स्क्रीनरीडर वापरणाऱ्याला पानावरच्या बटणांची यादी ऐकता येते. त्यात 'सादर करा' दोनदा आले तर तो गोंधळतो का? शब्द एकच आणि काम एकच असेल तर नाही. गोंधळ होतो तो एकाच शब्दाची दोन बटणे दोन वेगळ्या फॉर्मांची असली तर, उदाहरणार्थ वर शोधायचा फॉर्म आणि खाली अर्ज, दोन्हींना 'सबमिट'. तिथे 'शोधा' आणि 'अर्ज सादर करा' असे शब्दच वेगळे करावेत. फोनसाठी एक आणि संगणकासाठी एक अशी दोन बटणे ठेवून त्यातले एक पडद्याबाहेर ढकलणारेही असतात. ते डोळ्यांना दिसत नाही, पण टॅब आणि स्क्रीनरीडर तिथे पोचतातच. लपवायचे तर पुरते लपवावे. हा नुसता चांगुलपणाचा भाग उरलेला नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, सरकारी संकेतस्थळांसाठीच्या जीआयजीडब्ल्यू या मार्गदर्शक सूचनांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे.

पदाधिकाऱ्यांनी काम स्वीकारताना काय करायचे? संगणकातले काही कळायला हवे असे नाही. एक स्वस्त अँड्रॉइड फोन, एक कीबोर्ड असलेला संगणक आणि पंधरा मिनिटे पुरतात. फोनवर अर्ज अर्धवट भरा आणि खालचे बटण दाबा: चूक कुठे आहे ते पानाने स्वतः दाखवले पाहिजे. मग तोच अर्ज तसाच भरून वरचे दाबा: संदेश अक्षरशः तोच यायला हवा. वेगळा आला, किंवा अर्ज गेला, तर तिथे दोन घंटा आहेत. संगणकावर पहिल्या रकान्यात नाव लिहून एंटर मारा आणि काय होते ते पाहा. माऊसला हात न लावता टॅबने शेवटपर्यंत जा. चौकट कुठे पट्टीखाली नाहीशी होते का ते बघा. क्रोममध्ये एफ-१२ दाबून नेटवर्कच्या भागात वेग '३जी' करता येतो. तसा करून चाचणीच्या अर्जावर वरचे बटण दाबा आणि लगेच खालचे. कार्यालयात किती अर्ज आले ते मोजा. एकच हवा. शेवटी फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीनरीडर) चालू करा, डोळे मिटा आणि अर्ज पाठवून बघा. या शेवटच्या पायरीला बहुतेकजण थांबतात. त्यांच्या पंचायतीतल्या दृष्टिहीन नागरिकाला थांबायची मुभा नसते.

ही कलमे कामाच्या आदेशातच लिहून द्यावीत: 'वर आणि खाली बटण असलेल्या प्रत्येक पानावर दोन्हींचे वागणे सारखे असावे, दोन्ही लागोपाठ दाबले असता एकच नोंद व्हावी, एंटरने मुख्य काम व्हावे.' तीन ओळी आहेत. पैसे चुकते करण्याआधी या तिन्ही करून दाखवायला सांगाव्यात, बांधणाऱ्याच्या लॅपटॉपवर नको, आपल्या फोनवर.

एक राहिले, छपाईचे. आपल्याकडे अर्ज ऑनलाइन भरला तरी त्याची प्रिंट काढून कचेरीत नेण्याची पद्धत काही सुटलेली नाही. 'फिक्स्ड' पट्टी छपाईत दर पानावर उमटते आणि त्याखाली अर्जाच्या दोन-दोन ओळी झाकून टाकते, नेमक्या कधीकधी सहीच्या. छपाईसाठीच्या नियमात वरची, खालची, चिकटलेली सगळी बटणे लपवावीत. कागदावरचे 'सादर करा' कुणी दाबत नाही.

आपले,
वेबपाने बांधणारे व तपासणारे काही वाचक
फोंडा, गोवा